शिवणाच्या डब्यात सापडलेला जनरल ग्रँट: हे सोनं आहे का?

चिंचपेटी

मंडळी, मदत हवी आहे. थोडं पाल्हाळ लागेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला नव्वदीच्या एक आजी राहायच्या. मार्चमध्ये गेल्या. घर विकण्याआधी मुलांनी सगळं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. मी बिडाचा तवा बघायला गेले होते (मिळाला, झकास आहे). तिथेच एका शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी ही चकती होती. डबा, बटणं आणि चकती मिळून १५ डॉलर.

चकती कडाकण्याएवढी आहे, म्हणजे चार इंचांच्या आसपास. पिवळी, पण चकचकीत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४१२ ग्रॅम भरली. एका बाजूला दाढीवाला माणूस, लष्करी कोट, चेहरा बाजूने. भोवती इंग्रजीत 'मेजर जनरल युलिसिस एस. ग्रँट' (अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष) आणि अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ठरावाची तारीख, १७ डिसेंबर १८६३. दुसऱ्या बाजूला इतकं बारीक काम आहे की फोनच्या फोटोत नीट येतच नाही.

नेटवर 'ग्रँट, सोन्याचं पदक' असं शोधलं आणि दोन रात्री झोप नाही. माझे बाबा साताऱ्याला सराफ होते, आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "आधी वजन सांग, मग कड दाखव, आणि तोवर कुणाला बोलू नकोस." तिसरी आज्ञा मी इथे लिहून मोडलेलीच आहे.

तर हे सोनं आहे का? नसेल तर काय आहे?

अर्धा_वाटाणा

४१२ भागिले ११.६६४ म्हणजे ३५ तोळे. ताई, आपली ओळख जुनी आहे हं.

मोदकप्रिय

तव्याचा फोटो टाका आधी.

नाणेदार

चिंचपेटी, तुमच्या धाग्यावर थंड पाणी ओततोय, माफ करा. पण उत्तर तुम्हीच दिलंय. ४१२ ग्रॅम!

सोनं पितळ किंवा ब्राँझच्या दुपटीहून जड असतं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, ब्राँझची साधारण ८.८. चार इंच व्यासाची, बोटाच्या पेराला जाणवेल एवढ्या जाडीची सोन्याची चकती ४१२ ग्रॅमवर थांबणारच नाही. ती एका हाताने उचलताना मनगट दचकलं पाहिजे. तुमचं दचकलं का?

आता मूळ पदकाबद्दल. अमेरिकन काँग्रेस स्वातंत्र्ययुद्धापासून अशी सोन्याची पदकं देत आली आहे. पहिलं वॉशिंग्टनला. हे छातीवर लावायचे बिल्ले नव्हेत, याला टाचणी नाही, फीत नाही. पेटीत ठेवायची, हातात घेऊन बघायची वस्तू. ठराव एका माणसाच्या नावाने होतो, ठसे त्याच्यासाठी नव्याने कोरले जातात आणि सोन्यात पदक पडतं ते एकच. ग्रँटचे ठसे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले कोरक्ये अँथनी पाके यांचे. हँबुर्गला जन्मलेला माणूस. एवढा मोठा व्यास आणि उठाव एका दाबात येत नाही. दाबायचं, तापवून मऊ करायचं, पुन्हा त्याच ठशात बसवून दाबायचं. एक रेघ इकडची तिकडे झाली की चेहऱ्याला दोन नाकं.

ते एकमेव सोन्याचं पदक आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. ते शिवणाच्या डब्यात येणं शक्य नाही.

पण टांकसाळ त्याच पदकाच्या ब्राँझच्या प्रती काढून लोकांना विकायची. एकोणिसाव्या शतकातल्या प्रतींचा रंग गडद, तपकिरी, जुन्या शिसवी टेबलासारखा. विसाव्या शतकातल्या प्रती पिवळट. तुमची त्यातली असावी.

दोन विनंत्या. एक, चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीही लावू नका. घासलेलं पदक संग्राहक हातात धरत नाहीत. दोन, बाबांना सांगा कसोटीवर घासू नका. ते सराफ आहेत म्हणून आधीच सांगतोय.

चिंचपेटी

नाणेदार, मनगट दचकलं नव्हतं. पण त्या दिवशी दुसऱ्या हातात बिडाचा तवा होता, त्यामुळे पुरावा बाद!

कसोटी तुमच्या सांगण्याआधीच बाबांनी सुचवली होती. "कडेला जरासं, दिसत पण नाही." नाही म्हटलं. आता फोनवर तोंड फुगवून बसलेत.

मिसिसिपीकर

मी मेंफिसला असतो, तिथून व्हिक्सबर्ग गाडीने साडेतीन-चार तास. दोनदा जाऊन आलोय. म्हणून हे पदक नक्की कशासाठी, तेवढं लिहितो.

व्हिक्सबर्ग म्हणजे मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावर बसलेलं गाव. वर तोफा, खाली नदी. ते दक्षिणेच्या हातात आहे तोवर उत्तरेची गलबतं नदीतून सुखाने जाऊ शकत नव्हती. ग्रँटने १८६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे खणून पाहिले, दलदलीतून वाटा शोधून पाहिल्या, सगळं फसलं. शेवटी फौज पश्चिम काठाने खाली चालवत नेली, आरमार रात्रीच्या अंधारात तोफांसमोरून हाकललं आणि गावाच्या दक्षिणेला नदी ओलांडून मागून येऊन बसला. ४७ दिवस वेढा. गावातली माणसं टेकडीत बिळं खणून राहिली. ४ जुलै १८६३ ला दक्षिणेचा सेनापती पेंबरटन याने शहर सोपवलं, २९ हजारांवर सैनिक शरण आले.

मग नोव्हेंबरात चॅटनूगा. तिथे उत्तरेचीच फौज कोंडलेली होती, ती ग्रँटने सोडवली आणि समोरच्या मिशनरी रिजवरून शत्रूला उठवलं. डिसेंबरात काँग्रेस भरली तेव्हा एलिहू वॉशबर्न या खासदाराने ठराव मांडला. हा ग्रँटच्याच गावचा, इलिनॉयमधल्या गलीनाचा, आणि सुरुवातीपासून त्याच्या पाठीशी. बापाच्या चामड्याच्या दुकानात काम करणारा, चाळिशीला टेकलेला माणूस तीन वर्षांत सोन्याच्या पदकापर्यंत पोचला त्यात वॉशबर्नचा हात मोठा.

गावातल्या त्या टेकडीवर उभं राहून खाली बघितलं ना, तर आज नदी तिथे नाहीच. १८७६ मध्ये तिने स्वतःच पात्र बदललं. ज्या वळणासाठी एवढे मेले ते वळणच गेलं.

वाचतेय_फक्त

मिसिसिपीकर, शेवटची ओळ... _/\_

खडूस

आरती चाललीये ती चालू द्या, पण एक तारीख नोंदवून ठेवा.

१७ डिसेंबर १८६२. त्या दिवशी ग्रँटने 'जनरल ऑर्डर नंबर ११' काढली. कापसाच्या काळ्या बाजाराचा राग काढला ज्यूंवर, आणि आपल्या ताब्यातल्या मुलखातून सगळ्या ज्यूंना बाहेर काढा असा हुकूम दिला. केंटकीतल्या पड्यूका गावची कुटुंबं खरोखर घराबाहेर काढली गेली. त्यातली काही माणसं थेट लिंकनकडे पोचली आणि जानेवारीत लिंकनने हुकूम रद्द करायला लावला.

आता चिंचपेटींच्या चकतीवरची तारीख वाचा. बरोबर एक वर्षाने, त्याच दिवशी.

मिसिसिपीकर

खडूस, बरोबर आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं. योगायोग असला तरी चटका लावतो. ग्रँटला पुढे आयुष्यभर त्या हुकमाची लाज वाटली, राष्ट्राध्यक्ष असताना त्याने ज्यूंना बऱ्याच पदांवर नेमलं, हेही खरं. पण पड्यूकाच्या बायांनी सामान बांधलं ते बांधलंच.

मलबार_पॉइंट

हा गृहस्थ मुंबईला येऊन गेलाय, कुणी म्हणालं कसं नाही?

राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर १८७७ मध्ये ग्रँट बायकोला घेऊन जगप्रवासाला निघाला. १३ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरला. गव्हर्नर होते सर रिचर्ड टेंपल, उतरण्याची सोय मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आज राज्यपाल राहतात तिथे. घारापुरीची लेणी बघितली. मग रेल्वेने जबलपूर, आग्रा, जयपूर, दिल्ली, लखनौ, काशी करत कलकत्ता. पुढे चीन, जपान. जपानमध्ये त्याला नाण्यांचा एक दुर्मीळ संच भेट मिळाला, त्याची महती नाणेदार सांगतील.

नाणेदार

सांगतो, कारण तो संच आणि हे पदक एकाच गाठोड्यातून स्मिथसोनियनला गेले. जुनी जपानी सोन्याचांदीची नाणी, त्यात ते मोठे लंबगोल ओबान. असा पूर्ण संच जपान सरकारच्या खजिन्याबाहेर मिळणं मुश्कील होतं.

आणि त्या गाठोड्याची गोष्ट पदकापेक्षा मोठी आहे.

ग्रँट म्हातारपणी न्यूयॉर्कला राहायला गेला. मुलाच्या ओळखीने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या तिशीतल्या हुशार तरुणाबरोबर भागीदारी, 'ग्रँट अँड वॉर्ड'. वॉर्ड दरमहा घसघशीत नफा दाखवायचा. एकच तारण चार ठिकाणी गहाण टाकायचा, नव्याच्या पैशातून जुन्याचं व्याज द्यायचा. ग्रँट हिशेबाच्या वह्या न वाचता सही करायचा. आपल्याकडच्या भिशीवाल्या काकांची गोष्ट, फक्त टोप्या वेगळ्या.

४ मे १८८४, रविवार. वॉर्ड सकाळी घरी आला, म्हणाला, मरीन बँक अडचणीत आहे, दीड लाख डॉलर उद्यापर्यंत हवेत. ग्रँट तेव्हा कुबड्यांवर होता, डिसेंबरात बर्फावरून घसरला होता. तसाच विल्यम व्हँडरबिल्टच्या वाड्यावर गेला. व्हँडरबिल्टने सांगितलं की तुमच्या पेढीला मी छदाम देणार नाही, पण तुम्हाला देतो. आणि धनादेश लिहून दिला.

६ मे, मंगळवार. बँक बुडाली, पेढी बुडाली, वॉर्ड गायब. संध्याकाळी नवराबायकोने पैसे मोजले तर दोघांचे मिळून दोनशे डॉलरच्या आसपास.

पेढीची देणी कायद्याच्या भाषेत होती, पण व्हँडरबिल्टचं देणं ग्रँटने शब्दावर घेतलेलं. ते त्याने फेडायला काढलं. घरं, शेत, आणि मग तलवारी, मानपत्रांच्या सोन्याच्या डब्या, जपानची नाणी आणि हे पदक. यादी करून सगळं व्हँडरबिल्टच्या नावावर. व्हँडरबिल्ट परत देतो म्हणाला. ग्रँटने घेतलं नाही. बायकोला देतो म्हणाला. ज्युलियाबाईंनीही घेतलं नाही. शेवटी असं ठरलं की ग्रँटच्या पश्चात हे सगळं राष्ट्राला द्यायचं. ज्युलियाबाई तेवढंही थांबल्या नाहीत, वस्तू लगेच पाठवून दिल्या. १८८६ मध्ये काँग्रेसने त्या रीतसर स्वीकारल्या.

ग्रँटला तोवर घशाचा कॅन्सर झाला होता. बायकोला मागे काही राहावं म्हणून आठवणी लिहायला बसला, मार्क ट्वेनच्या प्रकाशन संस्थेने त्या काढल्या. लिखाण संपवलं आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला गेला. पुढच्या फेब्रुवारीत ज्युलियाबाईंना पहिला धनादेश आला तो दोन लाख डॉलरचा.

म्हणजे पदक आज बघायला मिळतं ते गहाण पडल्यामुळे. घरात राहिलं असतं तर तीन पिढ्यांत वाटण्या झाल्या असत्या.

अर्धा_वाटाणा

काटा आला. ३५ तोळ्यांचा विनोद मागे घेतो.

आजोळ

यावर माझ्या आईची एक ओळ: "सोनं अंगावर मिरवायला नसतं, अडीनडीला असतं." तिच्या चार पाटल्या माझ्या कॉलेजच्या फीला गेल्या. दोन परत आल्या.

नाणेदार

आजोळ, नमस्कार सांगा आईंना.

एक गंमत राहिली. यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसने सोन्याची पदकं दोघांनाच दिली. एक ग्रँटला. दुसरं, दीडच महिन्याने, २८ जानेवारी १८६४ च्या ठरावाने, कॉर्नेलियस व्हँडरबिल्टला, कारण त्याने आपलं मोठं आगबोट सरकारला देऊन टाकलं होतं. विल्यम त्याचाच मुलगा. म्हणजे १८८४ मध्ये ज्याच्याकडे ग्रँटचं पदक गेलं, त्याच्या बापाला त्याच्या जोडीचं पदक मिळालेलं होतं.

मोदकप्रिय

हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण 'काहीही' म्हणालो असतो.

भट्टी

रत्नागिरीहून लिहितोय, धंदा सोन्याचा, पिढीजात. नाणेदारांच्या धाग्यात (हो, आता तो त्यांचाच झालाय, चिंचपेटी माफ करा) दोन गोष्टी घालतो. दोन्ही ग्रँटच्या वरिष्ठांच्या. तरुण ग्रँट मेक्सिकोच्या युद्धात झॅकरी टेलर आणि विनफिल्ड स्कॉट या दोघांच्या हाताखाली लढला होता.

त्या युद्धाची पदकं द्यायची होती तेव्हाच कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. तिथला लष्करी गव्हर्नर मेसन याने २३० औंस सोनं विकत घेऊन एका लेफ्टनंटबरोबर, चहाच्या डब्यात भरून वॉशिंग्टनला धाडलं, कारण नुसत्या पत्रावर कुणाचा विश्वास बसला नसता. डबा १८४८ च्या डिसेंबरात पोचला. युद्धखात्याचे मंत्री मार्सी यांनी ते टांकसाळीत पाठवताना लिहिलं की टेलर आणि स्कॉट यांच्या पदकांना लागेल तेवढं सोनं यातून ठेवा, उरलेल्याची नाणी पाडा. त्या १,३८९ अडीच डॉलरी नाण्यांवर गरुडाच्या वर कॅलिफोर्नियाची तीन अक्षरं मारली. नाण्यांच्या मागे लोक वेडे होतात, पण त्याच डब्यातल्या सोन्याची पदकं फार कमी जणांना माहीत असतात. टेलरच्या ब्युएना व्हिस्टा पदकावर लढाईच्या देखाव्याभोवती दोन सापांची चौकट आहे. ब्राँझमध्ये एकदा हातात घेतलंय. खवल्यांवरून नख फिरवलं तर लागतं. कोरक्या सी. सी. राइट. असा हात आता नाही.

दुसरी गोष्ट स्कॉटची, त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलेली. १८१२ च्या युद्धासाठी मिळालेलं सोन्याचं पदक त्याने न्यूयॉर्कच्या सिटी बँकेत ठेवलं होतं. बँक फोडली गेली, अडीच लाख डॉलरच्या आसपास गेले. पदक जागेवर! पुढे कधीतरी चोरांपैकी एकाने म्हणे सांगितलं, की पदक दिसलं होतं, पण सैनिकाचं ते घ्यायला मन धजलं नाही.

गोष्ट गोड आहे. पण मी सोनार आहे. माझं मत: नोटा खर्चता येतात, नाव कोरलेलं पदक विकता येत नाही. ते वितळवायलाच लागतं आणि त्याला मूस, भट्टी आणि तोंड बंद ठेवणारा सोनार लागतो. चोराला सोनार मिळाला नसावा.

खडूस

भट्टी, तुम्ही माझे आवडते सभासद झालात.

सह्याद्रीची_सावली

आपल्याकडच्या लढायांची अशी पदकं आहेत का? असईची वगैरे?

नाणेदार

सोन्याची म्हणाल तर श्रीरंगपट्टणची. टिपू १७९९ ला पडल्यावर कंपनी सरकारने बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पदक पाडून घेतलं. सिंहाने वाघाला खाली दाबलंय. हुद्द्याप्रमाणे धातू: वरच्यांना सोनं, मग सोन्याचा मुलामा, चांदी, आणि शिपायाला कथिल. पण ते विजयाचं पदक, एका सेनापतीचं नव्हे.

असईची लढाई, मराठे आणि इंग्रजांची, २३ सप्टेंबर १८०३ ची. तिचं पदक आलं १८५१ ला, चांदीचं, 'आर्मी ऑफ इंडिया', आणि तेही हयात असलेल्यांनी मागितलं तर. ४८ वर्षांनी! फितीवरच्या पट्ट्यांत असई, आरगाव, गाविलगड, पुणे, खडकी ही नावं इंग्रजी ढंगात वाचायला मिळतात. आपली हार कुणाच्या तरी छातीवर चांदीत बघायची, तो अनुभव वेगळाच असतो.

अर्धा_वाटाणा

मला ग्रँटचं सोनं हवंच असेल, थोडंसं, तर?

नाणेदार

१९२२ चा सोन्याचा डॉलर शोधा. जन्मशताब्दीला काढला होता. लॉरा गार्डिन फ्रेझर यांचं काम. साधारण पाच हजार चांदणी असलेले, पाच हजार चांदणी नसलेले. व्यास १५ मिलिमीटर, वजन १.६७ ग्रॅम. आपल्या भाषेत दोन मासेही नाहीत. भिंगाशिवाय दाढी दिसत नाही.

चिंचपेटी

मंडळी, निकाल!

रविवारी प्रयोग केला. फोनवर बाबा, मागे आई, इकडे मुलगा मोबाइल धरून. पातेल्यात पाणी, पातेलं काट्यावर, काटा शून्यावर. शिवणाच्या त्याच डब्यातला दोरा चकतीला बांधला आणि ती पाण्यात अधांतरी धरली, तळाला टेकू द्यायची नाही. हात थरथरत होता, आकडा ४६, ४८, ४६ करत ४७ वर थांबला.

४१२ भागिले ४७. मुलाने आधी सांगितलं: ८.७७.

म्हणजे नाणेदारांचं ८.८. ब्राँझ. एवढ्याच आकाराची नव्वद टक्के सोन्याची असती तर ८०० ग्रॅमच्या वर, जवळजवळ ७० तोळे भरली असती.

मला वाटलं बाबा खट्टू होतील. ते हसायला लागले. म्हणाले, "सोनं असतं तर त्या आजीच्या मुलांना परत द्यावं लागलं असतं. आता ठेव." हा मुद्दा मी दोन आठवडे सोयीस्करपणे टाळला होता, हे कबूल करते.

भट्टी

तुमच्या बाबांना माझा साष्टांग. आमच्या धंद्यातला माणूस.

मिसिसिपीकर

+१. बाबांना ग्रँटची गोष्ट सांगितली का?

चिंचपेटी

सांगितली. नाणेदारांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. पहिला प्रश्न आला, "व्याज किती लावलं होतं?" दुसरा, "बाईनं कागद मागितला का?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना विचारूनच लिहितेय.

१९८० च्या सुरुवातीला चांदी अचानक भडकली होती. लोक पैंजण, वाळे, देवाची ताम्हनं घेऊन दुकानात रांग लावायचे. साताऱ्याच्या आसपास घरटी एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळे त्या रांगेत चांदीची गोल पदकंही यायची. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. पहिल्या महायुद्धातली, आजोबांची, पणजोबांची. बाबा म्हणतात वजन अडीच तोळ्यांच्या आसपास, कस चांगला, लगेच घ्यायचो. कडेला बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ती अक्षरं मुशीत सगळ्यात शेवटी जातात असं त्यांना वाटायचं. "तसं काही नसतं," म्हणाले, "पण मी तिकडंच बघत बसायचो."

किती वितळवली? "मोजली नाहीत."

आजोळ

...

नाणेदार

चिंचपेटी, बाबांना सांगा, एकट्या साताऱ्यात नाही झालं हे. त्या वर्षी इंग्लंडमध्येसुद्धा हीच ब्रिटिश वॉर मेडल पोत्यांनी भट्टीत गेली. तिथल्या नातवंडांनीच विकली. म्हणूनच बऱ्याच घरांत आज जोडीचं पितळी रंगाचं व्हिक्टरी मेडल सापडतं आणि चांदीचं नाही. त्याला चांदीचा भाव नव्हता म्हणून ते वाचलं.

चिंचपेटी

सांगितलं. त्यावर उठले आणि आत गेले. आईने फोन धरला होता, तिला छताचा पंखा दाखवायचा होता बहुतेक. पाच मिनिटांनी परत आले ते एक कापडी पुरचुंडी घेऊन.

एक ठेवलं होतं. विकायला आलेलं नव्हतं, गहाण आलेलं. म्हातारी बाई होती, दीडशे रुपये घेऊन गेली, सोडवायला येते म्हणाली. आली नाही. पावतीचा कागद उंदरांनी खाल्ला. दुकान बंद केलं तेव्हा बाकी सगळं दिलं, हे दिलं नाही. "दुसऱ्याचं आहे ना ते," एवढंच म्हणाले.

फोनच्या कॅमेऱ्यात कड वाचायला अर्धा तास गेला. आधी नंबर, मग शिपाई, मग नाव, मग '११७ मराठा'. नाव इथे उघड टाकत नाही, घरच्यांना आवडेल न आवडेल. आडनाव आपल्या भागात शंभर घरांत सापडेल असं. गाव कडेवर नसतंच. बाबांना ती बाई कुठून आली ते नक्की आठवत नाही, अपशिंग्याच्या बाजूची असावी म्हणतात, कारण एसटी चुकेल म्हणून घाईत होती.

तिकडचं कुणी आहे का इथे? पणजोबा पहिल्या महायुद्धात ११७ मराठामध्ये होते असं घरात कुणी सांगत असेल, तर मला निरोप टाका. नाव आणि नंबर तुम्ही सांगायचा, मी ताडून बघेन. दीडशे रुपये आणि व्याज बाबांनी माफ केलंय.

अपशिंगेकर_सध्या_पुणे

ताई, निरोप टाकलाय. आमचे नसतीलही, पण वडिलांकडे जुन्या पेन्शनचा कागद आहे. रविवारी गावी जातोय, बघून कळवतो.